अनेक पीडीएफची एक पीडीएफ : कागद न बिघडवता कसे जोडावेत

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने कोल्हापूर अथवा पुण्यातील महाविद्यालयात प्रवेशासाठी कागदपत्रे गोळा करायला घेतली, की त्याच्यापुढे तीन भाषांचा गठ्ठा उभा राहतो. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळालेला उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला कन्नडमध्ये असतो, मराठी शाळेचा बोनाफाइड मराठीत असतो आणि मार्क्स कार्डावर कन्नडसोबत इंग्रजीही असते. महाराष्ट्र सरकार सीमाभागातील ज्या ८६५ गावांवर हक्क सांगते, तेथील मराठी मुलांसाठी अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. त्यामुळे आपले गाव त्या भागात येते आणि आपली मातृभाषा मराठी आहे, हे सांगणारे दाखलेही या गठ्ठ्यात येऊन बसतात. एवढे सगळे जमल्यावर अर्जात पुष्कळदा एक ओळ भेटते : सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडावीत.

या ओळीपाशी बहुतेकजण झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात. तेथे घाईच्या दिवसांत जो उपाय केला जातो, तो पुष्कळदा असा असतो, की प्रत्येक पीडीएफ छापायची, छापलेले कागद एकत्र करून पुन्हा स्कॅन करायचे आणि त्याची एक फाइल करून द्यायची. काम होते, पण मूळ फाइलमधील स्वच्छ अक्षरांची जागा अक्षरांच्या फोटोने घेतली जाते, शिक्के फिके होतात, फाइलचा आकार फुगतो आणि छपाईचे पैसे जातात ते वेगळेच. हे काम घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर, एक रुपयाही न देता, एकाही पानाला धक्का न लावता होऊ शकते. ते कसे करावे, हे सांगण्याआधी पीडीएफच्या पोटात काय असते ते थोडे पाहावे लागेल, कारण ते एकदा कळले, की कोणते साधन घ्यावे आणि कोणते टाळावे हे आपोआप कळते.

पीडीएफ ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणली. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाईयंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा तिचा हेतू होता. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे खुले मानक झाली, म्हणजे तिची रचना एका कंपनीच्या हाती उरली नाही आणि ती हाताळणारी साधने कोणालाही शुल्क न देता बनवता येतात. आज जी चांगली मोफत साधने मिळतात, त्यांच्यामागे हे मोठे कारण आहे.

फाइलच्या आत पाहिले तर पान हा एकसंध तुकडा नसतो. पानावरचा मजकूर, त्यातील फॉन्ट, शिक्क्याचे चित्र, पानाची लांबी-रुंदी अशा सर्व गोष्टींच्या स्वतंत्र नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. ‘पान क्रमांक ३ वर नोंद १२ मधील मजकूर, नोंद १५ मधील फॉन्टने लिहावा’ अशा स्वरूपाच्या सूचना पानाच्या नोंदीत असतात. कोणती नोंद फाइलमध्ये कोठे आहे, याची अनुक्रमणिका साधारणपणे फाइलच्या शेवटी असते आणि पीडीएफ उघडणारा प्रोग्राम आधी ती शेवटची अनुक्रमणिका वाचतो. दोन फायली नुसत्या एकीमागे एक चिकटवल्या तर त्या का जुळत नाहीत, याचे उत्तर येथेच आहे.

आपल्याकडच्या जमिनीच्या दप्तराचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजेल. दोन गावांची दप्तरे एकाच वहीत आणायची आहेत असे समजा. सर्व्हे नंबर १२ या गावातही आहे आणि त्या गावातही आहे. दोन्ही वह्या एकत्र शिवल्या तर ‘बारा नंबरचा बांध’ म्हटल्यावर कोणता बारा हे कोणालाच कळणार नाही. म्हणून दुसऱ्या गावाच्या नंबरांना नवे नंबर द्यावे लागतील, जेथे जेथे जुन्या नंबराचा उल्लेख आहे तेथे तेथे तो बदलावा लागेल आणि शेवटी दोन्ही गावांची मिळून एक नवी अनुक्रमणिका लिहावी लागेल. जमीन मात्र जागेवरून हलणार नाही, तिची मोजणीही पुन्हा होणार नाही. पीडीएफ जोडणारे प्रामाणिक साधन नेमके एवढेच करते. ते नोंदींना नवे क्रमांक देते, पानांची एक सलग यादी करते आणि नवी अनुक्रमणिका लिहिते. अक्षर, चित्र आणि शिक्का जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये येतात.

यावरून एक कसोटी हाती येते आणि माझ्या मते ती या विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे : जे साधन पान उचलून ठेवते ते वापरावे, जे साधन पान नव्याने काढते ते टाळावे.

पान नव्याने काढणाऱ्या साधनांत वर्डचा क्रमांक वरचा आहे. वर्डमध्ये पीडीएफ उघडता येते, म्हणून अनेकजण सर्व पीडीएफ वर्डमध्ये उघडतात, एकाखाली एक चिकटवतात आणि पुन्हा पीडीएफ करतात. इंग्रजी मजकुराचे यात फारसे बिघडत नाही. मराठी आणि कन्नडचे मात्र हाल होतात. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षराचा आकार आणि त्याची जागा नोंदलेली असते, शब्द म्हणून तो कसा टाइप केला होता याची नोंद नेहमीच नीट नसते. ‘र्क’ मधील रफार, ‘क्ष’, ‘त्र’, किंवा कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारी बारीक जोडाक्षरे यांचे स्वतंत्र आकार फॉन्टमध्ये असतात. वर्ड त्या आकारांवरून मूळ शब्द ओळखण्याचा प्रयत्न करतो आणि तेथे वेलांट्या सुटतात, रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरे फुटतात. श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ चिन्हांची रांग उमटते. लिब्रेऑफिस ड्रॉ हे अन्यथा चांगले आणि मोफत साधन आहे, पण पीडीएफ उघडून पुन्हा साठवताना त्याच्याबाबतीतही हाच धोका राहतो. दाखल्यावरील नावातील एक वेलांटी बदलली तर त्याचा त्रास पुढे किती काळ होतो, हे सीमाभागातील माणसाला सांगावे लागत नाही. कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना आपल्या आडनावांची आधीच पुरेशी ओढाताण झालेली असते.

आता साधनांकडे वळू.

सुरुवात करणाऱ्याला मी पीडीएफ अरेंजर सुचवेन. हे मुक्त आणि मोफत साधन विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. विंडोजसाठी त्याची इन्स्टॉल न करता वापरता येणारी आवृत्तीही मिळते, ती पेन ड्राइव्हवर ठेवता येते, त्यामुळे शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर काही बसवण्याची परवानगी नसली तरी अडत नाही. उघडल्यावर एक रिकामी खिडकी दिसते. तीत सर्व पीडीएफ ओढून टाकल्या, की प्रत्येक पानाचे लहान चित्र टेबलावर कागद मांडावेत तसे समोर येते. माउसने पान धरून हव्या त्या जागी न्यावे, नको असलेले पान निवडून काढून टाकावे, उलटे किंवा आडवे स्कॅन झालेले पान फिरवून सरळ करावे आणि शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नव्या नावाने साठवावे. मूळ फायली जशा होत्या तशाच राहतात. पान फिरवले म्हणजे चित्र पुन्हा काढले गेले असेही होत नाही. ‘हे पान ९० अंशांत फिरवून दाखवावे’ एवढीच नोंद पानावर होते, त्यामुळे स्पष्टता कमी होत नाही.

गठ्ठा मोठा असेल, म्हणजे एखाद्या संस्थेची दहा वर्षांची इतिवृत्ते किंवा जमिनीच्या दाव्यातील शंभर-दोनशे पाने एकत्र करायची असतील, तर पीडीएफसॅम बेसिक अधिक सोयीचे पडते. नावातील ‘सॅम’ म्हणजे ‘स्प्लिट अँड मर्ज’, तोडणे आणि जोडणे. याच नावाच्या इतर आवृत्त्या विकतच्या आहेत, म्हणून उतरवून घेताना ‘बेसिक’ हा शब्द पाहूनच घ्यावे. यातील ‘मर्ज’ विभागात फायलींची यादी दिसते. तिचा क्रम वरखाली करता येतो आणि एखाद्या फाइलमधील ठरावीक पानेच हवी असतील तर ‘२-५’ असे लिहून तेवढीच घेता येतात. प्रत्येक मूळ फाइलच्या नावाची खूण नव्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे वाचणारा थेट हव्या त्या कागदावर जातो. ज्या फाइलची पाने विषम आहेत तिच्यानंतर एक कोरे पान घालण्याचा पर्यायही त्यात आहे. पाठपोट छपाई करायची असेल तेव्हा याचे महत्त्व कळते, कारण नाहीतर एका दाखल्याच्या पाठीवर दुसरा दाखला छापला जातो.

पीडीएफसॅममधील आणखी एका सोयीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. पुष्कळ स्कॅनर कागदाची एकच बाजू घेतात. पन्नास पाठपोट कागदांचा गठ्ठा असेल तर आधी सर्व पुढच्या बाजू स्कॅन होतात आणि गठ्ठा उलटा करून घातला, की मागच्या बाजू शेवटच्या कागदापासून पहिल्याकडे अशा उलट क्रमाने स्कॅन होतात. हाती दोन फायली येतात : एकीत १, ३, ५ ही पाने आणि दुसरीत १००, ९८, ९६ अशी उतरती पाने. ‘अल्टरनेट मिक्स’ या विभागात या दोन फायली देऊन दुसरीपुढे ‘उलट क्रमाने’ अशी खूण केली, की एक पान या फाइलचे, एक पान त्या फाइलचे असे घेत १ ते १०० क्रमवार पाने तयार होतात. हेच हाताने करायला घेतले तर तास जातो आणि चूक हमखास होते.

मॅक असलेल्यांना वेगळे काही घ्यावे लागत नाही. त्यातील ‘प्रिव्ह्यू’मध्ये एक पीडीएफ उघडून बाजूची लहान चित्रे दाखवावीत आणि दुसऱ्या फाइलची पाने ओढून त्या पट्टीत सोडावीत. लिनक्सवर टर्मिनलची सवय असेल तर ‘पीडीएफयुनाइट’ ही आज्ञा, तिच्यापुढे जोडायच्या फायलींची नावे क्रमाने आणि सर्वांत शेवटी नव्या फाइलचे नाव, एवढ्या एका ओळीत काम होते. मात्र शेवटचे नाव ही नवी फाइल समजली जाते हे विसरून ओळीच्या शेवटी एखाद्या मूळ फाइलचे नाव लिहिले, तर ती मूळ फाइल पुसली जाऊन तिच्या जागी जोडलेली फाइल बसते. मूळ कागदांची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय ही आज्ञा वापरू नये.

कागदांचे मोबाइलवर काढलेले फोटोच हाती असतील, तर विंडोज १० मध्ये आणखी सोपा मार्ग आहे. सर्व फोटो निवडून उजवी कळ दाबावी, ‘प्रिंट’ निवडावे आणि छपाईयंत्र म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ घ्यावे. सर्व फोटोंची एकच पीडीएफ तयार होते. खालच्या बाजूला ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ अशी खूण असते, ती काढून टाकावी, कारण ती असली की फोटो पानभर पसरवला जातो आणि कडेचा मजकूर किंवा सही कापली जाऊ शकते. ही पद्धत फोटोंसाठी ठीक आहे. तयार पीडीएफ जोडण्यासाठी मात्र ‘प्रिंट टू पीडीएफ’चा वापर करू नये, कारण तेथे पान नव्याने काढले जाते. नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र लीगल आकाराच्या, म्हणजे साडेआठ बाय चौदा इंचांच्या कागदावर असते आणि दाखले ए४ आकाराचे असतात. जोडणाऱ्या साधनात प्रत्येक पान आपल्या आकारासह येते; छापण्याच्या मार्गाने गेले तर लीगल पान ए४ मध्ये दाबले जाते आणि शिक्क्यातील अक्षरे वाचता येईनाशी होतात.

क्रम आणि नावे

साधन कोणतेही असले तरी क्रम माणसालाच ठरवावा लागतो. माझ्या भाचीचा अर्ज एका महाविद्यालयाने परत पाठवला होता. कागद सगळे होते, पण कन्नड दाखला चौथ्या पानावर आणि त्याचा मराठी अनुवाद अकराव्या पानावर होता, आणि तपासणाऱ्याने दाखला वाचता येत नसल्याचा शेरा मारला होता. दुसऱ्या भाषेतील कागद आणि त्याचा अनुवाद नेहमी लागोपाठ ठेवावेत, आधी मूळ आणि लगेच अनुवाद. अर्जात कागदांची यादी ज्या क्रमाने दिली आहे तोच क्रम पाळावा, स्वतःचा क्रम लावू नये.

हे सोपे व्हावे म्हणून जोडण्यापूर्वीच फायलींना आकड्यांनी सुरू होणारी नावे द्यावीत आणि ते आकडे दोन अंकी असावेत : ०१, ०२, ०३. नुसते १, २, ३ दिले तर काही साधने नावे अक्षरवार लावतात आणि १ नंतर थेट १० येतो, मग २. फाइलच्या नावात मराठी किंवा कन्नड अक्षरे चालतात, पण काही संकेतस्थळे ती स्वीकारत नाहीत, त्यामुळे अंतिम फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता ठेवणे सुरक्षित असते.

आकार का फुगतो

जोडलेली फाइल साधारणपणे मूळ फायलींच्या आकारांच्या बेरजेइतकी होते. जोडण्याने आकार वाढत नाही, तो स्कॅन करताना वाढलेला असतो. ए४ कागद एका इंचात ३०० ठिपके या दराने स्कॅन केला तर पानावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे आकुंचन करण्यापूर्वी एका पानाचे सुमारे २६ एमबी होतात. करड्या छटांत तेच पान सुमारे पावणेनऊ एमबी होते. दर दुप्पट करून ६०० केला तर ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात, कारण ते लांबीतही वाढतात आणि रुंदीतही. रंगीत पान मग १०० एमबीच्या पुढे जाते. साठवताना चित्राचे आकुंचन होऊन प्रत्यक्ष फाइल याहून खूप लहान होते, पण प्रमाण तेच राहते.

म्हणून दुकानात स्कॅन करून घेताना ‘करड्या छटांत, २०० किंवा ३०० वर’ असे स्पष्ट सांगावे. निव्वळ काळे-पांढरे सर्वांत लहान होते खरे, पण त्यात निळ्या शाईचा गोल शिक्का एक काळा डाग होतो आणि कन्नडमधील खालची बारीक जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. रंगीत स्कॅन फोटो असलेल्या किंवा रंग पाहिला जाणाऱ्या कागदांपुरता ठेवावा.

स्कॅन आधीच होऊन गेले असेल आणि फाइल अर्जातील आकाराच्या मर्यादेत बसत नसेल, तर घोस्टस्क्रिप्ट हे मोफत साधन चित्रांचा दर उतरवून देते; त्यातील ‘ईबुक’ ही ठेवण चित्रे १५० ठिपक्यांवर आणते. हे पान नव्याने लिहिणारे साधन आहे, त्यामुळे ते जोडलेल्या फाइलच्या प्रतीवर, सर्वांत शेवटी आणि एकदाच वापरावे. तीच फाइल पुन्हा पुन्हा लहान करत गेल्यास चित्र दर वेळी थोडे अधिक पुसट होते.

कुलूप आणि सही

ई-आधारची फाइल पासवर्डने बंद असते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्षाचे चार आकडे, असा तो आठ अक्षरांचा पासवर्ड असतो. पीडीएफ अरेंजरमध्ये अशी फाइल घातली तर ते पासवर्ड विचारते. जोडून झालेल्या फाइलला मात्र ते कुलूप उरत नाही, हे ध्यानात ठेवून ती जपावी. अर्ज घेणाऱ्याला चालत असेल तर आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत उतरवून तीच जोडावी.

डिजिटल सहीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ई-आधारवर, तसेच संगणकावरून मिळणाऱ्या अनेक सरकारी दाखल्यांवर अशी सही असते. ही सही एखाद्या पानावर नसते, ती संपूर्ण फाइलवर असते. फाइलमधील प्रत्येक बाइट होता तसाच आहे, याची ती ग्वाही देते. जोडताना नोंदींचे क्रमांक बदलतात, म्हणजे बाइट बदलतात, आणि सही तपासता येईनाशी होते. पानावर सहीची चौकट दिसत राहते, पण ती आता केवळ चित्र असते. यात साधनाचा दोष नाही आणि कोणत्याही साधनाने हे टळणार नाही. म्हणून सही असलेल्या फायली जोडल्यानंतरही मूळ स्वरूपात जपून ठेवाव्यात, आणि पडताळणी लागेल तेथे जोडलेल्या फाइलसोबत ती मूळ फाइलही स्वतंत्र द्यावी.

संकेतस्थळावर फायली चढवून जोडून देण्याच्या सेवाही मोफत आहेत आणि त्या चालतात. त्यांत सामान्यतः आपले कागद दुसऱ्याच्या संगणकावर जातात, तेथे जोडले जातात आणि मग परत येतात. काही वेळाने ते पुसले जातात असे या सेवा सांगतात, पण ते आपल्याला तपासता येत नाही. वाचनीय लेख किंवा प्रश्नपत्रिका जोडायला त्या वापरण्यात काही गैर नाही. आधार, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला आणि जमिनीचा उतारा यांचा गठ्ठा तेथे चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातील संगणकावर काम केले असेल तर निघण्यापूर्वी ‘डाउनलोड्स’ आणि डेस्कटॉपवरील आपल्या फायली पुसाव्यात, रिसायकल बिन रिकामा करावा आणि मेल उघडला असेल तर त्यातून बाहेर पडावे.

पाठवण्यापूर्वी जोडलेली फाइल एकदा दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडावी. मूळ फायलींच्या पानांची बेरीज एका कागदावर मांडून ती नव्या फाइलच्या पानसंख्येशी जुळते का ते पाहावे. मग एकेक पान मोठे करून, विशेषतः उताऱ्याचे आडवे पान सरळ आले आहे का, प्रतिज्ञापत्राची खालची कड कापली गेली नाही ना आणि प्रत्येक कन्नड कागदामागे त्याचाच अनुवाद आहे ना, हे तपासून घ्यावे.